आत न बसता केलेली सही

दि. ९ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहोत. फोनच करणार होते. पण तुम्हाला ऐकू जायचं तर मला ओरडावं लागतं, आणि जे सांगायचं ते खारीच्या कानावर जायला नको. ती पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली आहे. पाच मिनिटं एका जागी टेकत नाही म्हणून तुम्हीच जिचं नाव खार ठेवलंत, ती अकरा वर्षांची पोर काल दुपारपासून तशीच बसून आहे.

झालं असं. एप्रिलच्या सुट्टीत तुमच्याकडे होती तेव्हापासून ती मोज्यांच्या बाहुल्यांची नाटकं करून एका अ‍ॅपवर टाकते. मला ठाऊक होतं. मोज्यांच्या नाटकात काय बघायचं, असं मीच म्हणायचे. तिथे तिला एक मैत्रीण मिळाली. वय म्हणे बारा, तिलाही बाहुल्यांचं वेड. तिने आधी बाहुल्यांचे फोटो मागितले, मग खारीचे, मग शाळेच्या गणवेशातले. नंतर ती मैत्रीण गायब झाली. आणि गेल्या आठवड्यात खारीच्या नावाचं, खारीचा चेहरा लावलेलं दुसरंच एक खातं निघालं. त्यावरून तिच्या वर्गातल्या मुलींना निरोप जातात. तुझा फोटो पाठव, तू कुठे राहतेस, घरात मोठं माणूस कधी नसतं. मुली उत्तरं देतात, कारण विचारणारी त्यांना खारच वाटते.

तीन दिवस सुट्टी काढून फिरले. मुख्याध्यापिकाबाईंनी पाणी दिलं आणि सांगितलं की हा प्रकार शाळेच्या वेळेबाहेरचा आहे, पालकांनी लक्ष ठेवायला हवं होतं. चौकीत एका सज्जन गृहस्थांनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले की खातं बंद करणं कंपनीच्या हातात, तिकडे लिहा. कंपनीला लिहिलं तर उलट टपाली निरोप आला की आमच्या नियमावलीतलं पालकांसाठीचं पान वाचा. वाचलं. त्यात लिहिलं आहे, शंका असल्यास शाळेशी बोला.

आणखी एक. तेरा वर्षांखालच्यांना तिथे खातंच मिळत नाही. मग हिला कसं मिळालं, असं विचारलं तर म्हणते, जन्मतारीख मीच खोटी टाकली. पुढे एक शब्द नाही. बाबा, ती तुमच्याकडे असताना तुम्हाला काही दिसलं होतं का? आठवून लिहा.

तुमचे जावई टॅब विहिरीत टाकायला निघाले आहेत. आसपास विहीर नाही म्हणून तो वाचला आहे.

आईला नमस्कार. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा.

तुमची,
बेबी


दि. १५ जून

चि. बेबीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तुझ्या आईलाही वाचून दाखवलं. ती उठून आत गेली.

तुझं फिरणं वाचून मला नवल वाटलं नाही, संताप आला. बत्तीस वर्षं मी लिफ्ट तपासल्या. लिफ्ट बिघडली तर घरमालक म्हणायचा कारागिराला विचारा, कारागीर म्हणायचा कारखान्याला विचारा. म्हणून तर सरकारने माझ्यासारखा माणूस ठेवला होता. लिफ्टच्या भिंतीवर चौकटीत दाखला असतो, त्यावर किती माणसं, कोणत्या तारखेला तपासली आणि खाली सही. पडली तर कोणाची मान धरायची ते आत उभ्या असलेल्या माणसाला वाचता येतं. तू लहानपणी माझ्याबरोबर आली आहेस, तुला आठवत असेल. पाण्याचा पेला काठोकाठ भरून लिफ्टच्या जमिनीवर ठेवायचा आणि आपण आत बसून वरपासून खालपर्यंत जायचं. थेंब सांडला तर सही नाही. मालकांनी चहा पाजला, विनवण्या केल्या, एकाने तर माझ्यासमोर रडून दाखवलं. सही नाही म्हणजे नाही.

या अ‍ॅपवाल्यांच्या भिंतीवर कोणाची सही आहे? रोज लाखो पोरं आत शिरतात. ती किती वर्षांची आहेत हे कोणी डोळ्यांनी बघतं का? कंपनीचा दोष, शाळेचा दोष, सरकारचा दोष. त्यांना खडसावून लिही. माझा मसुदा सोबत जोडला आहे.

तू विचारलंस त्याबद्दल. खार इथे असताना माझ्या टॅबवर मोज्यांची नाटकं करायची, माझा एक चांगला करडा मोजा त्यात राणी झाला. बाकी विशेष आठवत नाही.

पोरीला फार बोलू नकोस.

तेल आहे. सर्वांस आशीर्वाद आणि थोडा संतापही, तो कंपनीपर्यंत पोचव.

तुझे,
बाबा


दि. २४ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा मसुदा पाठवला, शब्दही न बदलता. कंपनीचं उत्तर आलं, ते तुमच्यासाठी उतरवून पाठवते: ‘आमच्या नोंदीनुसार मूळ खातेधारक प्रौढ व्यक्ती आहे. प्रौढ खातेधारकाच्या वतीने पालकांची तक्रार स्वीकारता येत नाही. खातेधारकाने नोंदवलेल्या जन्मतारखेशी जुळणारे ओळखपत्र स्वतः सादर करावे.’

म्हणजे माझी पाचवीतली मुलगी त्यांच्या दृष्टीने बाई आहे. म्हणूनच लहान मुलांच्या खात्यांना असतात ती कुलपं तिच्या खात्याला नव्हती, कोणीही येऊन तिच्याशी बोलू शकत होतं. आणि म्हणूनच आता मी तिची आई आहे हे मला सिद्ध करता येत नाही. खातं उघडून बघितलं तर तारखेच्या जागी नुसते ठिपके. खारीला विचारलं, कोणती तारीख टाकलीस? म्हणते, चाक फिरवलं, कुठे थांबलं ते बघितलं नाही. जवळ घेऊन विचारलं, रागावून विचारलं, तिच्या बाबांनी विचारलं. तेच उत्तर. शंभर वर्षांच्या तारखांतून मी एक कशी शोधू?

शेवटी माझा तोल गेला. खोटं बोलून खातं उघडलंस आणि आता खोटं बोलूनच ते दुसरं खातं बंद होऊ देत नाहीस, असं म्हणून मोज्यांची पेटी माळ्यावर टाकली. ती रडलीसुद्धा नाही. मला वाटतं ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शाळेत पालकांची बैठक झाली. एका मुलीची आई सर्वांसमोर म्हणाली की काही घरांतल्या ढिलाईची शिक्षा बाकीच्यांच्या मुलींना का. बाकीचे खाली बघत होते. मीही खालीच बघितलं. तिच्या मुलीने त्या खात्याला घराचा पत्ता दिला आहे, ती तरी काय करणार. गेले आठ दिवस तिचा नवरा कामावर उशिरा जातो, मुलीला फाटकाच्या आत सोडून.

कामातही लक्ष नाही. दातांच्या लॅबमध्ये काल एका म्हाताऱ्या बाईंची कवळी मी वरची खालचीशी जुळेना अशी करून ठेवली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा साचा फोडून पुन्हा केला. मालकांनी नुसती चष्म्यावरून नजर टाकली.

बाबा, तुम्ही विशेष आठवत नाही असं लिहिलंत. तुम्हाला लिफ्टचे नंबर आठवतात.

आईला नमस्कार. तिचं वेगळं पत्र का नाही?

तुमची,
बेबी


दि. २८ जून

चि. बेबीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद नेहमीसारखा लिहिला, पण आज तो देण्याची माझी पात्रता नाही. पत्र वाचायला घेण्याआधी एक काम कर. माळ्यावरची पेटी खाली काढ. आत्ता. मग पुढे वाच.

ती तारीख माझी आहे.

एप्रिलमधली दुपार होती. खार टॅब घेऊन आली आणि म्हणाली, आजोबा, हे माझं वय घेत नाही. तिने स्वतःची खरी तारीख टाकून बघितली होती, बेबी. पोरगी खोटं बोलली नव्हती, तिला आत घेतलं नव्हतं एवढंच. मी विचारलं, मग कोणाचं घेतात? ती म्हणाली, मोठ्या माणसाचं. मला वाटलं, शाळेच्या सहलीच्या कागदावर पालकाची सही लागते तसंच असणार. मोठ्या माणसाने जबाबदारी घ्यायची, म्हणजे त्याची तारीख द्यायची. मी चष्मा लावला आणि माझी जन्मतारीख स्वतःच्या बोटाने, नीट, खरीखुरी टाकली. खोटी द्यायचं मनातसुद्धा आलं नाही. उलट छाती थोडी फुगली, की या वयात माझी सही कुठेतरी चालते. म्हणजे त्या यंत्राच्या लेखी मोजे नाचवणारा बहात्तर वर्षांचा मी आहे.

आत काय आहे ते बघितलं नाही. बत्तीस वर्षांत आत बसल्याशिवाय सही केली नाही असं मी सांगत फिरतो. एकदाच केली आणि नातीला आत बसवलं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. तुझी आई म्हणाली, आजच लिहा. मी बसलो लिहायला आणि कंपनीला शिव्या दिल्या. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, म्हणून तर तो इतका झरझर लिहिता आला. तुझ्या आईने त्यानंतर माझ्याशी बोलणं सोडलं आहे. चहाचा कप टेबलावर आदळते त्यावरून तो आला हे कळतं, नाहीतर मला ऐकूही येत नाही.

शाळेने हात झटकले, चौकीने झटकले, कंपनीने झटकले आणि मीही झटकले. एवढ्या सगळ्या मोठ्यांत जबाबदारी घेतली ती अकरा वर्षांच्या मुलीने, आणि तीही माझी. तिने माझं नाव का सांगितलं नाही ते मला कळत नाही. विचार, पण हळू विचार.

माझ्या ओळखपत्राची प्रत सोबत आहे. तारीख जुळेल. ताबडतोब पाठव.

काय वाटेल ते लिही. उत्तर लिही, एवढंच मागतो.

बाबा


दि. ६ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न.

चार दिवस लिहू शकले नाही. लिहिलं असतं तर तुम्हाला वाचवलं नसतं.

पेटी काढली. खारीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. आधी ती मला म्हणाली की आजोबा खोटं सांगताहेत, मला वाचवायला. मग रडली, इतकी की शेजारच्या काकू वाटी मागायच्या निमित्ताने बघून गेल्या. का सांगितलं नाहीस, विचारलं. तर तुम्हीच तिला कधी सांगितलं होतंत म्हणे, की न बघता सही करणारा निरीक्षक तुरुंगात जातो. तुमच्या खात्यातल्या एकाची गोष्ट रंगवून सांगितली होतीत. महिनाभर ती पोर तुम्हाला तुरुंगापासून वाचवत होती, बाबा. आणि मी तिला खोटारडी म्हणत होते.

तुमच्यावर मी किती चिडले आहे ते लिहीत नाही. तारीख दिलीत त्याचा राग एका दुपारी संपला असता. पंधरा जूनचं ते पत्र, मसुदा वगैरे जोडून, त्याचा राग संपत नाही. तेरा दिवस गेले त्यात. त्या तेरा दिवसांत आणखी दोन मुलींना निरोप गेले. त्यातली एक गणवेशातला फोटो पाठवून बसली.

ओळखपत्र पाठवलं. उत्तर आलं, त्याचा छापील कागद सोबत ठेवते: ‘जन्मतारीख जुळते. तथापि ओळखपत्रावरील चेहरा खात्यावरील चित्रफितींतील चेहऱ्याशी जुळत नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे.’ चित्रफितींत मोजे आहेत आणि मुलगी आहे. तुम्ही मोजा असता तरी चाललं असतं.

मी थकले. आता काय करायचं ते मला सुचत नाही.

आईला सांगा, तिने बोलणं सोडलं ते बरोबर केलं, पण आता बोल. तुम्हाला एकट्याला सोडणंही बरं नाही.

बेबी


दि. १४ जुलै

चि. बेबीस,
अ. उ. आ.

तुला न विचारता एक केलं. त्या कंपनीचं कार्यालय आमच्याच शहरात आहे, हे तुझ्या आईने तुझ्या पत्रातल्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात वाचलं. (आई बोलू लागली. पहिलं वाक्य होतं, चष्मा द्या.) मंगळवारी तीन बस बदलून गेलो. कानातलं यंत्र लावलं, जे मी तुझ्या लग्नातही लावलं नव्हतं.

काचेची इमारत, नववा मजला. लिफ्टमध्ये शिरल्याबरोबर सवयीने भिंत बघितली. दाखला जागेवर, तारीख चालू, निरीक्षकाचं नाव वाचता येईल असं. वर पोचेपर्यंत धक्का नाही. काम चोख होतं. वर मात्र काउंटरवर एक पंचवीसेक वर्षांची मुलगी बसलेली. मी कागद मांडले. ती नम्रपणे म्हणाली की या कार्यालयात फक्त जाहिरातींचं काम चालतं. तक्रारी कोण बघतं? टीम बघते. ती कुठे बसते? माहीत नाही. तिचा प्रमुख कोण? माहीत नाही. वय कसं तपासता? वापरणाऱ्याने दिलेली माहिती आम्ही खरी धरतो, असं म्हणाली. मी म्हटलं, बाई, माहिती खरीच होती, माझी होती. तिला हसावं की नाही कळेना.

मी बसून राहिलो, दहापासून चारपर्यंत. तुझ्या आईने डबा दिला होता, तो त्यांच्या सोफ्यावर उघडून खाल्ला. दोन वेळा रखवालदार येऊन उभा राहिला आणि माझं वय बघून परत गेला. दुपारनंतर एक तरुण बाहेर आला. गळ्यातलं ओळखपत्र त्याने उलटं करून ठेवलं होतं, नाव दिसू नये म्हणून. त्याला मी सांगितलं की तुमची लिफ्ट पडली तर मान कोणाची धरायची हे खाली भिंतीवर लिहिलं आहे. माझी नात पडली आहे. तिच्या बाजूला एक सही आहे, माझी, आणि ती चुकीची आहे, मी कबूल करायला आलो आहे. दुसरी सही तुमच्या बाजूची. ती कोणाची?

त्याने उभ्याउभ्याच फोनवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, बघतो. नाव विचारलं तर दिलं नाही. मला त्याचा राग आला नाही. त्यालाही कोणीतरी न बघता आत बसवलं असावं.

निघताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, तुम्ही खरंच प्रत्येक लिफ्टमध्ये स्वतः बसायचात? मी म्हटलं, प्रत्येक. एक सोडून.

काय होईल ते माहीत नाही. खारीसाठी वेगळा कागद आहे, तो तिचा तिला दे, तू वाचू नकोस.

क्षमा मागत नाही, ती मागून मिळायची नाही. पत्रं बंद करू नकोस.

तुझे,
बाबा


दि. २५ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

ते खोटं खातं गेलं. बावीस तारखेला सकाळी बघितलं तर नव्हतं. दुपारी निरोप आला: ‘आपल्या तक्रारीवर योग्य ती कारवाई झाली आहे. हा निरोप यंत्राने पाठवला असून यास उत्तर देऊ नये.’ कोणी केली, काय बघून केली, ते चालवणाऱ्या माणसाचं पुढे काय, त्याने घेतलेल्या फोटोंचं काय, एक अक्षर नाही. चौकीत कळवायला गेले तर ते गृहस्थ म्हणाले, चला, मिटलं. मिटलं कसं, म्हटलं, तो उद्या दुसरं उघडेल. तर म्हणाले, उघडलं की या.

शाळेत मात्र बसले. बैठकीत जी आई मला बोलली होती तिच्याच शेजारी जाऊन बसले. आम्ही दोघींनी मिळून मुख्याध्यापिकाबाईंना लेखी मागितलं आहे की पुढच्या वेळी शाळा काय करणार, आणि खाली नाव कोणाचं. अजून उत्तर नाही. आम्ही दर सोमवारी जातो.

आणि खरं सांगायचं तर मीही त्या लिफ्टमध्ये कधी बसले नव्हते. दोन महिने दाराबाहेरून ‘जेवायला ये’ म्हणत होते. माझा राग थोडा त्याचाही होता.

तुमचा कागद खारीने मला दाखवला, तुम्ही नको म्हणालात तरी. ‘तपासणी अहवाल. दोष: निरीक्षकाचा. प्रवासी निर्दोष.’ खाली सही, तारीख. तिने तो कपाटाच्या दाराला चिकटवला आहे, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर.

सोबत तिचं पत्र आहे. लोभ आहेच, राग उतरला की पूर्ण दिसेल.

तुमची,
बेबी


ती. आजोबांना,
शि. सा. न.

तुम्ही तुरुंगात जाणार नाही असं आईने मला तीनदा सांगितलं. तरी आजीला विचारून नक्की कळवा.

मोजे सगळे आहेत. राणीला माळ्यावर झुरळाने थोडं खाल्लं, पण ती आता लढाईतून आलेली राणी आहे असं नाटकात घेतलं आहे. नाटक फक्त आई-बाबांनी बघितलं. बाबा मध्येच झोपले.

वर्गात अजून दोघी माझ्याजवळ डबा खात नाहीत. ते निरोप मी पाठवले नव्हते हे त्यांना माहीत आहे, पण चेहरा माझा होता ना. मी म्हटलं, ठीक आहे, थांबते.

पुढच्या सुट्टीत मी येणार आहे. बाहुल्यांचं एक दुसरं अ‍ॅप आहे, ते बघायचं आहे. आई म्हणाली आजोबांना विचार, म्हणून विचारते. आधी तुम्ही आत बसायचं, मी बाहेर थांबणार. मग दोघांनी बसायचं. पेला मी भरणार, काठोकाठ. थेंब सांडला तर सही करायची नाही, मी कितीही रडले तरी.

आजीला सांगा, चहाचा कप आता हळू ठेव.

तुमची,
खार